दवाखान्यात हयगय झाली, तर दाद कुठे मागायची?

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की नांदेड-लातूरच्या शिवारात मळणी यंत्रे रात्रंदिवस घरघरत असतात. त्याच दिवसांत कुणाचा हात यंत्रात जातो, कुणी ट्रॉलीवरून खाली पडतो, कुणाला बैल मारतो. कडबा कुट्टीत बोटे जाणे तर बारमाही चालूच असते. अपघात होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी, हे आम्ही कृषी खात्याची माणसे प्रत्येक मेळाव्यात सांगतो. अपघात झाल्यावर दवाखान्यात काय घडते, याविषयी मात्र गावात फारसे कुणी बोलत नाही.

बहुतेक वेळा उपचार नीट होतात आणि माणूस बरा होऊन घरी येतो. आपल्या भागातले कितीतरी डॉक्टर रात्री-अपरात्री उठून जखमी माणसाला हात देतात, हे नाकारून चालणार नाही. पण कधी कधी जखमेत काडीकचरा तसाच ठेवून टाके घातले जातात, कधी एक्स-रे न काढताच प्लास्टर घातले जाते, तर कधी प्लास्टर इतके आवळले जाते की बोटे काळी पडतात. रुग्ण ओरडत राहतो आणि "दुखणारच, हाड मोडलंय" असे म्हणून त्याला गप्प बसवले जाते. पुढे हात किंवा पाय कायमचा अधू होतो. कमावता माणूस खाटेला लागला की दोन एकराचा संसार कोलमडतो.

अशा वेळी गावात दोनच गोष्टी होताना दिसतात. एक तर "नशिबातच होतं" म्हणून लोक गप्प बसतात, नाही तर पंचवीस-तीस जण जीपमधून जाऊन दवाखान्याच्या काचा फोडतात. पहिल्याने काही मिळत नाही आणि दुसऱ्याने उलट आपल्यावरच गुन्हा दाखल होतो. तिसरी वाट कायद्याची आहे. ती लांब असली तरी खरी आहे, आणि आपल्या महाराष्ट्रातल्याच माणसांनी ती चालून दाखवली आहे.

पालशेतचा मोडलेला पाय

रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरजवळ पालशेत नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. ६ मे १९५३ रोजी दिवस मावळताना तिथल्या किनाऱ्यावर एका वीस वर्षांच्या मुलाचा डावा पाय मांडीत मोडला. किनाऱ्यापासून घर दीड मैलावर होते. बाज आणून त्याला घरी नेले. गावातल्या डॉक्टरांनी पायाला फळ्या बांधून दिल्या आणि पुण्याला न्यायचा सल्ला दिला. मध्यरात्रीनंतर टॅक्सी निघाली आणि सुमारे दोनशे मैलांचा प्रवास करून ९ मे रोजी दुपारपूर्वी पुण्याला पोहोचली. आपल्याकडे आजही किनवट-माहूरकडचा किंवा देवणी-जळकोटकडचा रुग्ण जिल्ह्याच्या गावी नेताना काय हाल होतात, हे वाचकांना सांगायला नको.

पुण्यातल्या एका खाजगी रुग्णालयात मुलाला दुपारी सव्वादोनला दाखल केले. मुख्य डॉक्टरांनी वेदना कमी करणारी दोन इंजेक्शने तासाच्या अंतराने द्यायला सांगितली होती, प्रत्यक्षात एकच दिले गेले. एक्स-रे काढून मुलाला शस्त्रक्रियेच्या खोलीत नेले आणि पाय प्लास्टरमध्ये घातला. साडेपाचला त्याला खोलीत आणले. साडेसहाच्या सुमारास त्याला श्वास घेणे जड जाऊ लागल्याचे आईच्या लक्षात आले. रात्री नऊ वाजता मुलगा गेला.

मुलाचे वडील स्वतः दौंडला डॉक्टरकी करत होते. त्यांनी दावा लावला. आपण पाय फक्त प्लास्टरमध्ये स्थिर केला, हाड बसवण्याचे काम पुढे ढकलले होते, असे रुग्णालयाच्या डॉक्टरांचे म्हणणे होते. न्यायालयात मात्र वेगळेच सिद्ध झाले. पूर्ण भूल न देता, तीन माणसांकडून पाय ओढून, जादा जोर लावून हाड बसवले गेले होते, आणि त्याच्या धक्क्याने मुलगा दगावला होता. खालच्या न्यायालयाने ३,००० रुपये भरपाई दिली. उच्च न्यायालयाने ती कायम केली. डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही २ मे १९६८ रोजी त्यांचे अपील फेटाळले गेले. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने हा निकाल ओळखला जातो, आणि आजही देशभरातल्या न्यायालयांत त्याचा दाखला दिला जातो.

पंधरा वर्षे आणि तीन हजार रुपये! कुणी म्हणेल, काय मिळवलं? पण त्या निकालाने सगळ्या रुग्णांसाठी एक गोष्ट पक्की झाली. रुग्णाला हात लावणाऱ्या डॉक्टरवर तीन जबाबदाऱ्या येतात. हा रुग्ण आपण घ्यावा की नाही हे काळजीपूर्वक ठरवणे, कोणता उपचार द्यायचा हे काळजीपूर्वक ठरवणे, आणि तो उपचार काळजीपूर्वक देणे. या तिन्हींपैकी कशातही कसूर झाली तर रुग्णाला दाद मागता येते.

दुसरे असे, की त्या निकालातल्या घटना वाचल्या तर तास न् तास मांडलेला दिसतो. किती वाजता दाखल केले, किती इंजेक्शने सांगितली, किती दिली, खोलीत किती वाजता आणले, त्रास कधी सुरू झाला. न्यायालयासमोर असा तपशील कामी येतो. आपण दहा वेळा "लई हाल झाले साहेब" म्हणालो तरी त्याचा उपयोग नाही.

काय हयगय आहे आणि काय नाही

रुग्ण बरा झाला नाही म्हणजे डॉक्टर चुकलाच, असे कायदा मानत नाही. हाड जुळायला वेळ लागू शकतो, जखम चिघळू शकते, चांगल्या हातांनी केलेली शस्त्रक्रियाही फसू शकते. एका दुखण्यावर दोन मान्य उपचार असतील आणि डॉक्टरने त्यातला एक निवडला, तर दुसरा का नाही निवडला म्हणून त्याला दोषी धरता येत नाही. साधारण कुशल डॉक्टरने अशा वेळी जी काळजी घेतली असती ती इथे घेतली का, एवढेच पाहिले जाते.

म्हणून आधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरला, शक्यतो सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या हाडांच्या किंवा शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञाला, सगळे कागद दाखवावेत आणि त्यांचे मत केस पेपरवर लिहून घ्यावे. चूक अगदी उघड असेल तर तज्ज्ञाच्या मताशिवायही प्रकरण चालू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले आहे. पण हाडामांसाच्या गुंतागुंतीच्या प्रकरणात असे मत हाताशी असलेले केव्हाही बरे.

आपल्या बाजूनेही काही पथ्ये आहेत. हात मोडल्यावर आधी हाडवैद्याकडे जाऊन कामट्या घट्ट बांधून घेतल्या आणि चार दिवसांनी दवाखान्यात गेलो, तर नुकसान कुणामुळे झाले हे सांगणे अवघड होऊन बसते. डॉक्टरने आठ दिवसांनी बोलावले असताना रब्बीच्या पेरणीपायी महिनाभर गेलोच नाही, तर तेही आपल्या विरोधात जाते.

प्लास्टर घातल्यानंतर ठणका वाढत चालला, बोटे निळी-काळी किंवा थंडगार पडली, मुंग्या येऊन बधिर झाली, बोट हलवता येईना, तर सकाळची वाट पाहू नका. ताबडतोब दवाखाना गाठा. रक्तपुरवठा तुटला तर काही तासांतच मांस मरायला लागते. आणि ही तक्रार कुणाला, किती वाजता सांगितली, हे लगेच लिहून ठेवा.

सरकारी दवाखान्याचीही जबाबदारी आहे

"सरकारी दवाखाना आहे, फुकटात असंच असतं," असे म्हणायची आपल्याला सवय आहे. त्यासाठी आपल्याच मराठवाड्यातले एक प्रकरण माहीत असावे. जुलै १९६३ मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंतपणासाठी दाखल झाली. १३ जुलैला तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आणि लगेच तिला ताप व पोटात असह्य दुखणे सुरू झाले. पुन्हा पोट उघडले तेव्हा आत कापडाचा बोळा राहिलेला सापडला. २४ जुलैला ती बाई गेली.

नवऱ्याने व मुलांनी सरकारवर दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयात निकाल उलटला. दवाखाना चालवणे हे राज्यकारभाराचे काम असल्याने सरकारवर जबाबदारी येत नाही, असे तिथे ठरले. कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९९६ मध्ये तिथे निकाल लागला, की सरकारी रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या हयगयीला सरकार जबाबदार आहे. पोटात बोळा राहिला ही गोष्टच सगळे बोलते, तो नेमका कुणाच्या हातून राहिला हे गरीब कुटुंबाने शोधून द्यायची गरज नाही. अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो निकाल. तेहतीस वर्षे लागली, पण सरकारी दवाखान्याला जाब विचारण्याची वाट मराठवाड्यातल्या एका कुटुंबाने देशाला मोकळी करून दिली.

जखमीला दारातूनच परत पाठवण्याविषयीही कायदा स्पष्ट आहे. पश्चिम बंगालमध्ये जुलै १९९२ मध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. जागा नाही, यंत्र नाही, असे सांगत एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्याला परत पाठवले. शेवटी खाजगीत सुमारे १७,००० रुपये खर्च करून उपचार घ्यावे लागले. त्याच्या शेतमजूर संघटनेने त्याला घेऊन थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. मे १९९६ मध्ये न्यायालयाने त्याला २५,००० रुपये द्यायला लावले. वेळेवर उपचार न देणे म्हणजे जगण्याच्या हक्कावर घाला, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असे बजावले. त्याआधी १९८९ सालीच न्यायालयाने सांगितले होते, की दवाखाना सरकारी असो की खाजगी, जखमीचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले काम आहे. "आधी पोलिसांचा कागद आणा" असे म्हणून उपचार थांबवता येत नाहीत.

ग्राहक आयोग : जवळची आणि कमी खर्चाची वाट

पालशेतच्या त्या वडिलांना दिवाणी दाव्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता. आज तो आहे. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि १३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फी घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्या कायद्याखाली येते असा निकाल दिला. २०१९ च्या नव्या कायद्यात ती तशीच येते, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले.

कोण ग्राहक, कोण नाही, हे नीट समजून घ्या. खाजगी दवाखान्यात फी भरली तर तुम्ही ग्राहक. फी तुमच्याऐवजी विमा कंपनीने किंवा मालकाने भरली तरी ग्राहक. एखादा दवाखाना काहींकडून पैसे घेतो आणि गरिबांना फुकट तपासतो, तर तो गरीबसुद्धा ग्राहक. मात्र सगळ्यांनाच फुकट सेवा देणारे सरकारी रुग्णालय या कायद्यात बसत नाही, आणि नुसते केस पेपरचे किरकोळ पैसे भरल्याने ते बसणारही नाही.

तक्रार नांदेडच्या किंवा लातूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात करता येते. दवाखाना सोलापूरचा, हैदराबादचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची सोय नव्या कायद्यात आहे. आपल्या सीमेवरच्या लोकांना याचा मोठा उपयोग आहे, कारण देगलूर-बिलोलीचे रुग्ण तेलंगणात आणि निलंगा-औरादचे रुग्ण कर्नाटकात जातातच.

फीची धास्ती घेऊ नका. दवाखान्याला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला एक रुपयाही फी नाही. इथे भरपाई किती मागितली हे पाहत नाहीत, उपचाराला किती रक्कम दिली ते पाहतात. जिल्हा आयोगापुढे ५० लाखांपर्यंतची प्रकरणे चालतात. वकील लावलाच पाहिजे असे नाही, स्वतः बोलता येते. तक्रार मराठीत, साध्या भाषेत, तारीखवार लिहावी आणि सोबत प्रतिज्ञापत्र जोडावे. ऑनलाइनही दाखल करता येते. रुग्ण मरण पावला असेल तर वारस तक्रार करू शकतात.

मुदत दोन वर्षांची आहे. उशीर झाल्यास सबळ कारण द्यावे लागते, आणि "माहीत नव्हतं" हे कारण सहसा चालत नाही. कायद्यात निकालासाठी तीन ते पाच महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, हे मनाशी धरूनच निघावे. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते.

कागद जपा, कागदच बोलतो

वरच्या प्रकरणांतून शिकायचे ते हेच, की प्रकरण उभे राहते ते कागदावर. आपण बियाण्याची पावती आणि पिशवीवरचे लेबल जपून ठेवा म्हणतो, कारण उगवण झाली नाही तर तोच पुरावा असतो. दवाखान्याचे तसेच आहे. पुढील कागद एका पिशवीत घालून ठेवा.

१) पहिल्या दिवसापासूनचे केस पेपर आणि औषधांच्या चिठ्ठ्या.
२) एक्स-रे, सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्यांचे अहवाल. एक्स-रेची फिल्म पाण्या-पावसापासून जपा.
३) दवाखान्याचे बिल, भरलेल्या पैशाची पावती आणि औषध दुकानाची बिले. पावती मागून घ्या. कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलेला आकडा ही पावती नव्हे.
४) डिस्चार्ज कार्ड. दुसरीकडे पाठवले असेल तर पाठवल्याची चिठ्ठी, वेळेसह.
५) शस्त्रक्रियेपूर्वी सही किंवा अंगठा घेतला त्या संमतिपत्राची प्रत. काय लिहिले आहे हे वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.
६) जखमेचे, प्लास्टरचे, काळ्या पडलेल्या बोटांचे फोटो, तारखेसह.
७) वहीत लिहिलेली नोंद. किती वाजता काय झाले, कुणाला सांगितले, ते काय म्हणाले, सोबत कोण होते.

दवाखान्यातले रेकॉर्ड मिळवणे हा रुग्णाचा हक्क आहे. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे, मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत नोंदी द्याव्या लागतात. दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधनही त्यात आहे. म्हणून अर्ज लवकर करा. अर्ज पुढीलप्रमाणे असावा :

"मी अमुक, राहणार अमुक. माझा मुलगा अमुक हा आपल्या रुग्णालयात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दाखल होता. त्याचे केस पेपर, परिचारिकांच्या नोंदी, शस्त्रक्रियेच्या नोंदी, संमतिपत्र, तपासणी अहवाल व बिल यांच्या प्रती नियमाप्रमाणे ७२ तासांच्या आत द्याव्यात. प्रतींचा खर्च देण्यास मी तयार आहे."

अर्जाची दुसरी प्रत घेऊन तिच्यावर पोच घ्या. पोच दिली नाही तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवा. सरकारी रुग्णालय असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्जही करता येतो. त्याचे उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते.

रुग्ण दगावला असेल आणि उपचाराविषयी शंका असेल, तर मन घट्ट करून एक गोष्ट करावी लागते. अंत्यविधीआधी पोलिसांना कळवून शवविच्छेदन करून घ्यावे. आपल्याकडे लोक याला तयार होत नाहीत, आणि त्यामागचे दुःख समजण्यासारखे आहे. पण एकदा अग्नी दिल्यावर मृत्यूचे कारण सिद्ध करणे फार कठीण होते.

कुठल्या दारात काय मिळते

वेगवेगळ्या दारांत वेगवेगळी गोष्ट मिळते. चुकीच्या दारात वर्ष घालवले तर मुदत निघून जाते.

भरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय. सरकारी रुग्णालयावर दिवाणी दावा लावायचा असेल तर आधी दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. दाव्याची मुदत वकिलाला पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

डॉक्टरच्या वागणुकीबद्दल शिस्तभंगाची कारवाई हवी असेल तर मुंबईची महाराष्ट्र वैद्यकीय परिषद. ती नोंदणी निलंबित करू शकते, पण भरपाई देत नाही. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी वेगळ्या परिषदा आहेत. बोर्डावरची पदवी आणि नोंदणी क्रमांक आधीच पाहून ठेवा. एका होमिओपॅथी डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली आणि रुग्ण दगावला, त्या मुंबईच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेवढ्यावरूनच त्याला हयगयीसाठी जबाबदार धरले होते.

सरकारी रुग्णालयात हाल झाले असतील तर जिल्हा शल्यचिकित्सक किंवा अधिष्ठाता यांच्याकडे लेखी तक्रार करावी, आणि एक वर्षाच्या आत राज्य मानवी हक्क आयोगाकडेही जाता येते. प्रश्न एका रुग्णापुरता नसून सगळ्या व्यवस्थेचा असेल, तर उच्च न्यायालय आहेच. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावल्याची बातमी देशभर गेली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या २४ जणांत १२ नवजात बाळे होती.

पोलिसांत गुन्हा नोंदवणे हा लोकांचा पहिला विचार असतो, पण त्याची पातळी वेगळी आहे. साधी चूक फौजदारी गुन्हा ठरत नाही, हयगय फार मोठी असावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २००५ मध्ये ठरवून दिले. पोलिसांनीही आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी, डॉक्टरचे मत घ्यायचे असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. उपचार करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या हयगयीने मृत्यू झाल्यास तिच्या कलम १०६ प्रमाणे दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून घरी बसू नका. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि जिल्ह्याला विधी सेवा प्राधिकरण. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असणारे यांना तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते.

काचा फोडून काय मिळते?

महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. डॉक्टर-परिचारिकांवर हात टाकला किंवा दवाखान्याचे नुकसान केले, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, गुन्हा अजामीनपात्र आहे आणि मोडतोडीची भरपाई दुप्पट द्यावी लागते. म्हणजे पाय मोडला आपला, आणि कोर्टाच्या तारखा लागल्या आपल्याच भावकीतल्या दहा पोरांना. शिवाय त्या गोंधळात केस पेपर गहाळ झाले, तर आपला पुरावाही गेला. तोडफोडीच्या धाकाने तालुक्यातले डॉक्टर अवघड रुग्णाला हात न लावताच पुढे पाठवू लागतात, तो तोटा पुन्हा आपल्याच गावचा.

गावपातळीवर काय करता येईल

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी आणि पोलीस पाटील यांना विनंती, की अपघाताची खबर मिळाली की चार गोष्टी पाहाव्यात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. घरातल्या शिकलेल्या माणसाला वही घेऊन सोबत पाठवावे. पोलीस पाटलांनी घटनेची नोंद त्याच दिवशी करावी. आणि कागदांची पिशवी तयार होते आहे का, हे दोन दिवसांनी विचारावे. रस्त्यावरच्या अपघातात जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, हेही गावात सर्वांना सांगावे, म्हणजे मदतीला लोक कचरणार नाहीत.

याच कागदांचा आणखी एक उपयोग आहे. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत खातेदार शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातील एक सदस्य अपघातात मरण पावल्यास किंवा दोन अवयव अथवा दोन्ही डोळे निकामी झाल्यास २ लाख रुपये, आणि एक अवयव किंवा एक डोळा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. वय १० ते ७५ वर्षे असावे. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात, सातबारा आणि अपघाताच्या कागदांसह, शक्य तितक्या लवकर द्यावा. हे अनुदान अपघाताबद्दल आहे. उपचारातल्या हयगयीची भरपाई हा वेगळा विषय, त्यासाठी वरची वाट.

शेवटी एवढेच. पालशेतचे वडील स्वतः डॉक्टर होते, म्हणून त्यांना कुठे बोट ठेवायचे ते कळले. आपल्याला वैद्यक कळत नाही, पण तारीख लिहिता येते, पावती मागता येते, प्रत मिळवता येते. ज्या घरात आज कुणी दवाखान्यात आहे, त्यांनी आजच केस पेपरची प्रत काढून घ्यावी. आणि ज्यांच्या घरात मागल्या हंगामात असे काही घडले आहे, त्यांनी आधी डिस्चार्ज कार्डावरची तारीख पाहावी. तिथून दोन वर्षे पूर्ण व्हायला किती दिवस उरलेत, ते मोजावे आणि मग घराबाहेर पडावे.